शेवटच्या डॉल्फिनचा खर्च कोण करणार?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आँतिब शहराजवळ मरीनलँड नावाचं एक थीम पार्क होतं. १९७० पासून तिथे समुद्री प्राण्यांचे शो चालायचे. २०२१ मध्ये फ्रान्सने कायदा केला की डिसेंबर २०२६ पासून डॉल्फिन आणि ऑर्का (डॉल्फिनच्याच कुळातला काळा-पांढरा मोठा प्राणी, इंग्रजीत किलर व्हेल) यांचे शो बंद. पार्कने तोवर वाट पाहिली नाही. जानेवारी २०२५ मध्येच कायमचं कुलूप लावलं. प्रेक्षक गेले, तिकीटबारी बंद झाली, प्राणी मात्र तिथेच राहिले. विकी नावाची ऑर्का, तिचा मुलगा केइजो आणि बारा डॉल्फिन. काही महिन्यांनी वरून टिपलेली दृश्यं जगभर फिरली. ओस पडलेल्या गॅलऱ्या, शेवाळाने हिरवे पडलेले हौद, आणि त्यातल्या एका हौदात फिरणाऱ्या दोन काळ्या-पांढऱ्या आकृत्या. लगेच वाद पेटला. पार्कच्या बाजूचे म्हणाले, ‘बघा, तुमच्या बंदीने काय केलं!’ विरोधक म्हणाले, ‘बघा, तुमच्या धंद्याने काय केलं!’ त्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी लावून धरला नाही. पन्नास-साठ वर्षं जगू शकणारा प्राणी पाळायला घेताना त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा खर्च कुठे बाजूला ठेवला होता?

माझी भूमिका आधीच मांडतो. करमणुकीसाठी समुद्री सस्तन प्राणी पाळणं थांबलं पाहिजे. विशेषतः डॉल्फिन, ऑर्का, बेलुगा (उत्तरेच्या थंड समुद्रातला पांढरा देवमासा) यांची नवी पकड, नवी खरेदी आणि हौदातलं प्रजनन आजच्या आज बंद व्हायला हवं. पण नुसती बंदी पुरेशी नाही. जे प्राणी आज हौदांत आहेत, त्यांतल्या बहुतेकांना उद्या समुद्रात सोडता येणार नाही. त्यांच्या उरलेल्या आयुष्याची तरतूद पार्क कमावत असतानाच, कायद्याने, त्याच पार्ककडून वसूल करायला हवी. बंदीचा कायदा आधी आणि तरतुदीचा विचार नंतर, असं केलं की आँतिब घडतं.

हा वाद इतकी वर्षं नीट का झाला नाही? कारण दोन्ही बाजू ‘प्राणी तिथे सुखी आहे की दुःखी’ या प्रश्नापाशी अडकल्या. एक बाजू प्रशिक्षकाच्या गालाला तोंड लावणारा डॉल्फिन दाखवते, दुसरी हौदाच्या कोपऱ्यात निपचित तरंगणारा. दोन्ही छायाचित्रं खरी असू शकतात. शिवाय या प्रश्नाचा रोख नकळत प्रशिक्षकांकडे वळतो आणि ते एक तर देवमाणसं ठरतात, नाही तर राक्षस. मला हे दोन्ही मान्य नाही. या कामातली बहुतेक माणसं प्राण्यांवरच्या मायेपोटीच तिथे आलेली असतात. रात्र रात्र आजारी पिल्लापाशी पाण्यात उभी राहणारी माणसं आहेत ती. त्यांची माया खरी मानूनही प्रश्न शिल्लक राहतो, कारण प्रश्न मायेचा नाहीच. हौद कुणी बांधला, प्राणी कुठून आणला, त्याच्यावर कमाई कुणी केली आणि कमाई संपल्यावर जबाबदारी कुणाची, हा तो प्रश्न आहे.

पार्कच्या बाजूने जे सर्वांत वजनदार म्हणणं आहे ते आधी पूर्ण ऐकून घेऊ. आज ऑर्काचं नाव काढलं की माणसांचे चेहरे खुलतात. नेहमीच असं नव्हतं. १९६१ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅम्पबेल रिव्हरजवळ सरकारी मत्स्य खात्याने ऑर्कांना मारण्यासाठी किनाऱ्यावर मशीनगन बसवली होती. सामन मासे खाणारं संकट, एवढीच त्यांची ओळख होती. ती बंदूक प्रत्यक्षात चालली नाही, पण कोळ्यांच्या गोळ्यांच्या खुणा अंगावर घेऊन फिरणारे ऑर्का त्या काळी काही अपवाद नव्हते. १९६४ मध्ये व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाला ऑर्काचा पुतळा घडवायचा होता. नमुना हवा म्हणून एका ऑर्काला भाला मारला. तो मेला नाही. दोराने ओढत त्याला बंदरात आणलं, मॉबी डॉल असं नाव ठेवलं. जवळपास दोन महिने त्याने अन्नाला तोंड लावलं नाही, मग माणसाच्या हातून मासा घ्यायला लागला, आणि पकडल्यापासून तीन महिन्यांच्या आत मेला. पण ते तीन महिने पुरेसे ठरले. ज्याला राक्षस समजत होतो तो इतका शांत, इतका हुशार कसा, या आश्चर्याने लोकांची नजर बदलली. पुढच्या आठ वर्षांत अमेरिकेत समुद्री सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. हौदात ऑर्का दिसले नसते तर समुद्रातले ऑर्का वाचवावेत असं कुणाला वाटलं असतं का?

विज्ञानाचंही तसंच. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो, हे पक्कं झालं ते १९६० च्या सुमारास, हौदातल्या डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबरी वाट्या चिकटवून केलेल्या प्रयोगातून. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची ओळखीची शीळ असते हेही आधी बंदिस्त डॉल्फिनमध्ये लक्षात आलं. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या दोन डॉल्फिननी आरशात स्वतःला ओळखलं. अंगावर शाईची खूण केली की ते आरशासमोर जाऊन वळून वळून तीच जागा बघायचे. हौद नसते तर यातलं बरंचसं आपल्याला कितीतरी उशिरा कळलं असतं. हे नाकारणारा विरोधक मला प्रामाणिक वाटत नाही.

पण या ज्ञानाने आपल्याला काय सांगितलं, हे पार्क सांगत नाहीत. त्याने सांगितलं की हा प्राणी स्वतःला ओळखतो, नावासारखी शीळ वापरतो, नात्यात जगतो. अमेरिकेचं वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत यांच्या किनाऱ्यांवरच्या मासेखाऊ ऑर्कांमध्ये मुलगे आणि मुली जन्मभर आईच्या कळपात राहतात, आणि प्रत्येक कळपाची बोली वेगळी असते. आरशाच्या त्या प्रयोगातल्या दोन संशोधकांपैकी एक, लोरी मरिनो, पुढे बंदिस्त प्राण्यांवरचं संशोधन सोडून देऊन त्यांच्यासाठी समुद्रात आश्रयस्थान उभारण्याच्या कामाला लागल्या. हौदातून मिळालेलं ज्ञान मान्य करायचं, तर ते जिथे घेऊन जातं तिथवर जायला नको का? ज्याने दार उघडून दिलं त्याचे आभार मानता येतात. म्हणून कायम उंबऱ्यावरच बसून राहायचं नसतं.

आणि त्या दाराची किंमत कुणी मोजली तेही पाहू. मॉबी डॉलनंतर मागणी वाढली. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह नावाच्या खाडीत बोटी, विमान आणि पाण्यात फोडलेले स्फोटक बार यांच्या साहाय्याने ऑर्कांचे कळप रेटत नेऊन जाळ्यांनी कोंडले. सात पिल्लं विकली गेली. पाच ऑर्का त्या धांदलीत मेले. कुणाला कळू नये म्हणून त्यांची पोटं चिरून, दगड भरून त्यांना बुडवलं, आणि काही महिन्यांनी त्यांतली काही प्रेतं किनाऱ्याला लागलीच. या पट्ट्यातल्या ऑर्कांची जवळजवळ एक पिढीच त्या वर्षांत उचलली गेली. २००५ मध्ये अमेरिकेने याच ऑर्कांना नामशेष होण्याच्या धोक्यातले म्हणून जाहीर केलं. सामन मासे कमी होणं आणि प्रदूषण ही कारणं आहेतच, पण पुढे ज्या माद्या व्यायला हव्या होत्या त्यांतल्या किती हौदांत गेल्या होत्या! संवर्धनाचा दाखला देणाऱ्या पार्कने हा भागही आपल्या फलकावर लिहायला हवा.

आता शिक्षणाचा मुद्दा. समुद्र न पाहिलेल्या मुलाला डॉल्फिन प्रत्यक्ष दिसतो, तो पुढे समुद्राची काळजी घेतो, असं म्हणतात. दिसणं आणि समजणं यातलं अंतर किती मोठं असतं ते पार्कच्या मागच्या खोलीत गेलं की कळतं. तिथे सकाळी गोठवलेल्या हेरिंग आणि कॅपेलिन माशांच्या लाद्या वितळवून, प्रत्येक प्राण्याच्या नावाची बादली तोलून भरतात. गोठवलेल्या माशातलं बी-१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून गोळ्या माशाच्या कल्ल्यात खुपसून दिल्या जातात. डॉल्फिन समुद्राचं पाणी पिऊन तहान भागवत नाही. त्याला लागणारं पाणी ताज्या माशातून मिळतं. वितळवलेल्या माशात ते कमी पडतं, म्हणून पाणी धरून ठेवलेले जिलेटिनचे तुकडे भरवतात. शिट्टीच्या खुणेवर तो उलटा होऊन शेपूट काठावर ठेवतो आणि हूं की चूं न करता रक्त काढू देतो. हे सगळं अतिशय कौशल्याचं काम आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण प्रेक्षकाला यातलं काय दिसतं? संगीताच्या तालावर उडी, नाकाच्या टोकावर उभा प्रशिक्षक, शेवटी पराने केलेला टाटा. समुद्रातला डॉल्फिन यातलं काहीच करत नाही असं नाही. तो उडी मारतो, खेळतो. पण तो शिकार करतो, भांडतो, जुन्या जोडीदाराला वर्षांनंतर ओळखतो, पिल्लाला आवाजाने जवळ ठेवतो, आणि हे शोमध्ये बसत नाही. आयुष्यभर प्रत्येक घास माणसाच्या हातून मिळणारा प्राणी बघून समुद्राविषयी काय शिकायचं?

आयुर्मानाच्या मुद्द्यावर विरोधकांनी फार ढिलाईने बोलून स्वतःचंच नुकसान करून घेतलं आहे. ‘हौदात डॉल्फिन लवकर मरतात’ हे सरसकट विधान आता टिकत नाही. अमेरिकेतल्या चांगल्या ठिकाणी बॉटलनोज डॉल्फिन (शोमध्ये सर्रास दिसणारी जात) समुद्रातल्या अभ्यासलेल्या कळपांइतके, कधी त्याहून जास्तही जगतात, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पाण्याच्या खोलीचंही तेच. फ्लोरिडात सारासोटाच्या उथळ खाडीत १९७० पासून ज्या डॉल्फिनचा अभ्यास चालू आहे, ते कित्येकदा कमरेएवढ्या पाण्यातही वावरतात. त्यांच्या बाबतीत ‘हौद पुरेसा खोल नाही’ एवढंच म्हणून भागत नाही. सी लायन आणि सील यांचं आणखी वेगळं. ते दिवसाचा बराच वेळ खडकावर काढतात. त्यांच्या बाबतीत सावली नसणं, त्यातून डोळ्यांचे आजार होणं, हे प्रश्न आहेत, आणि ते सुधारता येतात. सगळ्यांना एका पारड्यात टाकून आरोळी ठोकली की पार्कचा वकील एक अपवाद दाखवतो आणि सगळा मुद्दाच पडतो.

म्हणून नेमकं बोलायला हवं, आणि नेमकं बोललं तर मुद्दा अधिक बळकट होतो. समुद्रातली ऑर्का मादी ऐंशीपर्यंतही जगू शकते. हौदांतल्या इतिहासात तशा म्हाताऱ्या ऑर्का नाहीतच म्हटलं तरी चालेल. २०१७ च्या एका अभ्यासात तपासलेल्या २९ बंदिस्त ऑर्कांपैकी एकाचेही दात धड नव्हते. काँक्रीटच्या कडा आणि लोखंडी गेट चावून ते झिजतात, तुटतात. आणि जे प्राणी लांब जगतात, त्यांचं लांब आयुष्य कशाने भरलेलं असतं? पेन कोव्हमधून नेलेल्या पिल्लांपैकी तोकिते नावाच्या मादीला मायामीच्या सीक्वेरियम या पार्कमध्ये ठेवलं, लोलिता या नावाने दाखवलं. तिचा हौद लांबीला ऐंशी फूट आणि सर्वांत खोल जागी वीस फूट. ती स्वतः वाढून जवळपास वीस फुटांची झाली. ह्यूगो हा तिचा सोबती हौदाच्या भिंतींवर डोकं आपटत असे. तो १९८० मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटून मेला. त्यानंतर तिला दुसरा ऑर्का कधीच दिसला नाही. सोबतीला दुसऱ्या जातीचे डॉल्फिन ठेवले. ती ऑगस्ट २०२३ मध्ये मेली, म्हणजे पकडल्यापासून ५३ वर्षांनी. आयुर्मानाच्या तक्त्यात ही यशाची नोंद होते. तिला तिच्या मूळ समुद्रात कुंपण घालून ठेवण्याची योजना त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर झाली होती. पन्नास वर्षं तिकिटं विकली गेली, आणि परतीची योजना शेवटच्या पाच महिन्यांत आली. हे मला फार जिव्हारी लागतं.

बचावकार्याचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. किनाऱ्याला लागलेलं पिल्लू, जाळ्यात अडकलेला सील, बोटीच्या पंख्याने कापलेला मॅनेटी (समुद्रगाय) यांच्यासाठी हौद, पशुवैद्य आणि अनुभवी माणसं लागतातच. १९९७ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ करड्या देवमाशाचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू मरणाच्या दारात सापडलं. सॅन डिएगोच्या सीवर्ल्ड या समुद्री पार्कने ते चौदा महिने वाढवलं, आठ टनांहून मोठं झाल्यावर समुद्रात सोडलं. अंगावरची ट्रान्समीटर यंत्रं दोन-तीन दिवसांतच गळून पडली, पुढचं कळलं नाही. तरी ते काम थोर होतं. पण त्या पिल्लाने शो केला नव्हता. कॅलिफोर्नियातच सॉसालिटोचं मरीन मॅमल सेंटर १९७५ पासून आजारी सील आणि सी लायन बरे करून सोडून देतं, तिथे एकाही प्राण्याला नाचवत नाहीत. दवाखाना चालवायचा तर शेजारी तमाशाचा फड लागतोच, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पार्कच्या नफ्यातून बचावाला पैसा जातो हे खरं. मग तो पैसा शोवर अवलंबून न ठेवता कसा उभारायचा, हा चर्चेचा विषय होऊ शकतो, आणि व्हावा.

आता विरोधकांच्या सगळ्यात लाडक्या घोषणेकडे येतो: ‘सोडून द्या.’ हौदात जन्मलेल्या प्राण्याला समुद्र हे घर नाही. विकीचा जन्म २००१ मध्ये त्याच आँतिबच्या पार्कमध्ये झाला. २०१८ मध्ये तिच्या नावाचा गाजावाजा झाला, कारण ती माणसाचे ‘हॅलो’, ‘वन, टू’ असे शब्द हुबेहूब नाही तरी ओळखू येतील इतपत उच्चारायला शिकली होती. ज्या प्राण्याच्या आसपास ऑर्कांपेक्षा माणसांचे आवाज जास्त होते, त्याला अटलांटिकमध्ये सोडून आपण कोणतं पुण्य मिळवणार? केइको या ऑर्काचा अनुभव सगळ्यांना ठाऊक आहे. आइसलँडजवळ १९७९ मध्ये पकडलेला, पुढे सिनेमामुळे प्रसिद्ध झालेला. जगभरातून पैसा आला, १९९८ मध्ये त्याला आइसलँडला परत नेलं, २००२ मध्ये तो स्वतः समुद्र ओलांडून नॉर्वेला पोहोचला. आणि तिथल्या फिओर्डमध्ये माणसांच्या बोटींभोवती फिरत राहिला. २००३ च्या डिसेंबरमध्ये न्यूमोनियाने गेला. रानटी कळपात तो शेवटपर्यंत मिसळला नाही.

उलट उदाहरणही आहे आणि ते मला आशादायक वाटतं. दक्षिण कोरियात जेजू बेटाजवळ बेकायदा पकडून शोला विकलेल्या काही डॉल्फिनना २०१३ मध्ये परत समुद्रात नेलं. जेडोल, चुन्साम आणि साम्पाल यांना आधी किनाऱ्यालगत जाळीच्या कुंपणात ठेवून जिवंत मासे पकडायला शिकवलं. साम्पालने तर सोडायची वाटही पाहिली नाही. जाळीला पडलेल्या भोकातून निसटून ती आपल्या कळपात जाऊन मिळाली. बाकीच्यांना महिन्याभराने सोडलं. जेडोलच्या पाठीवरच्या परावर १ आणि चुन्सामच्या परावर २ असे आकडे उमटवलेले होते, त्यावरून ते पुढेही कळपात दिसत राहिले.  २०१६ मध्ये साम्पाल आणि चुन्साम या दोन्ही माद्या पिल्लांसोबत दिसल्या. मात्र त्याच समुद्रात २०१७ मध्ये सोडलेले दोन डॉल्फिन, ज्यांनी वीसेक वर्षं हौदात काढली होती, पुन्हा दिसले नाहीत. २०२२ मध्ये सोडलेल्या आणखी एकाचाही पत्ता लागला नाही. थोडी वर्षं कैदेत काढलेला आणि मूळ कळप जवळ असलेला प्राणी परतू शकतो. जन्मभर हौदात राहिलेला बहुधा नाही. मधला मार्ग म्हणजे समुद्रातच कुंपण घातलेली खाडी. तोही सोपा नाही. २०१९ मध्ये शांघायहून आइसलँडला नेलेल्या दोन बेलुगांसाठी एक अख्खी खाडी राखून ठेवली, तरी त्यांना तिथे रुळवताना पुन्हा पुन्हा आतल्या हौदात परत न्यावं लागलं. वेळ लागतो, माणसं लागतात, आणि सगळ्यात जास्त पैसा लागतो.

इथे आपल्या ओळखीचा एक इतिहास उपयोगी पडेल. अस्वल घेऊन गावोगाव फिरणारा दरवेशी एकेकाळी सगळ्यांच्या पाहण्यातला होता. अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली, सुळे उपटलेले. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि अस्वल पकडणं गुन्हा ठरलं. तरी रस्त्यावरचं शेवटचं नाचणारं अस्वल सुटलं ते २००९ च्या डिसेंबरमध्ये. मधली सदतीस वर्षं कायदा होता आणि अस्वलंही नाचत होती. का? कारण पकडलेलं अस्वल न्यायचं कुठे आणि दरवेशाच्या घरची चूल पेटायची कशी, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. ते उत्तर मिळालं आग्र्यासारख्या ठिकाणी आश्रयस्थानं उभी राहिली तेव्हा, आणि अस्वल सोपवणाऱ्या कलंदर, म्हणजे दरवेशी समाजातल्या, कुटुंबांना दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल, मुलांना शाळा मिळाली तेव्हा. त्या अस्वलांना जंगलात सोडलं नाही; सुळे नसलेलं अस्वल जंगलात काय खाणार? त्यांना मरेपर्यंत सांभाळलं, आणि नवं पिल्लू त्या दोरीला बांधलं गेलं नाही. डॉल्फिनच्या बाबतीत मी याहून वेगळं काही मागत नाही.

फरक एवढाच की दरवेशी गरीब होता आणि थीम पार्क गरीब नाही. दरवेशाच्या अस्वलाचा खर्च देणग्यांतून झाला, ते योग्यच होतं. पार्कच्या डॉल्फिनचा खर्च पार्कनेच उचलायला हवा. यात नवीन काही नाही. अनेक देशांत खाण सुरू करताना ती बंद करण्याचा खर्च कंपनीला वेगळ्या खात्यात भरावा लागतो, कारण खनिज संपल्यावर कंपनी नाहीशी होते आणि खड्डा गावाच्या गळ्यात पडतो, हा अनुभव सगळ्यांनी घेतला आहे. अणुवीज केंद्र मोडीत काढण्याचा खर्चही अनेक ठिकाणी वीज विकतानाच साठवतात. मग डॉल्फिनच्या शोच्या प्रत्येक तिकिटातून ठरावीक वाटा सरकारी देखरेखीखालच्या निधीत का जाऊ नये? प्राण्यांची संख्या, वय आणि अपेक्षित आयुष्य यांवरून तो वाटा ठरवता येतो. पार्क विकलं गेलं, बुडालं, मालक बदलला, तरी निधी प्राण्यामागे जातो. एखादं पार्क याला ‘अशक्य’ म्हणत असेल, तर त्याचा अर्थ ते आजचा धंदा उद्याच्या उसनवारीवर करत आहे.

ब्रिटनचा अनुभव इथे जोडून पाहण्यासारखा आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे तीसच्या आसपास डॉल्फिनेरियम, म्हणजे डॉल्फिन ठेवून दाखवणारी ठिकाणं, होती. ब्रिटनने बंदीचा कायदा केला नाही. १९८० च्या दशकात तज्ज्ञांकडून अहवाल घेतला, त्यावरून हौदांचे आणि देखभालीचे नियम कडक केले. ते पाळणं एकालाही परवडेना, आणि १९९३ मध्ये शेवटचं डॉल्फिनेरियम बंद झालं. या उद्योगाच्या पायाबद्दल यातून काय दिसतं? खरा खर्च मोजायला लावला की तो उभाच राहू शकत नव्हता. इतकी वर्षं तो खर्च प्राणी भरत होते.

‘मग रोजगाराचं काय, किनाऱ्यावरच्या गावाचं काय?’ हा प्रश्न खोटा नाही. पण त्याचं एक उत्तर या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीनेच दिलं आहे. सीवर्ल्डने मार्च २०१६ मध्ये ऑर्कांचं प्रजनन थांबवलं, आमच्याकडचे ऑर्का ही शेवटची पिढी असं जाहीर केलं. कंपनी बुडेल असं भाकीत केलं गेलं होतं. २०२२ मध्ये तिने तोवरचं विक्रमी उत्पन्न नोंदवलं. २०२३ मध्ये अबू धाबीत नवं सीवर्ल्ड उघडलं ते एकाही ऑर्काशिवाय. म्हणजे झोके, रोलरकोस्टर, मत्स्यालयं यांवर पार्क चालू शकतं. जो नियम ऑर्काला लावला तोच डॉल्फिन आणि बेलुगाला मात्र लावलेला नाही. तो का लावला नाही, याचं समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही.

एक गोष्ट विरोधकांनीही नीट समजून घ्यायला हवी: एका देशातली बंदी दुसऱ्या देशातली बाजारपेठ असते. १९७६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात ऑर्का पकडणं थांबलं आणि पकडणारे आइसलँडला गेले. केइको तिथूनच आला. पुढे तेही थांबलं आणि रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर पकड सुरू झाली. २०१८ मध्ये तिथल्या एका खाडीत, बर्फाळ पाण्यातल्या पिंजऱ्यांत, अकरा ऑर्का आणि नव्वदच्या आसपास बेलुगा कोंडलेले आढळले. जगभरातून दबाव आल्यावर २०१९ मध्ये त्यांना सोडलं गेलं. चीनमध्ये नवी समुद्री पार्क झपाट्याने उभी राहत आहेत, मागणी तिकडून येते. म्हणून बंद पडणाऱ्या पार्कला आपले प्राणी दुसऱ्या शोला विकू देणं म्हणजे तिथल्या प्रजननाला आणि तमाशाला भांडवल पुरवणं. आँतिबच्या ऑर्कांना जपानला पाठवायला फ्रान्सने नकार दिला तो बरोबर होता. कॅनडाने २०१९ मध्ये कायदा करून बंदिस्त प्रजनन आणि करमणूक थांबवली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नायगाराच्या मरीनलँड या, आँतिबशी फक्त नावाने जुळणाऱ्या पार्कला आपले तीस बेलुगा चीनला पाठवायची परवानगी नाकारली. त्यावर पार्कने कळवलं की पैसे संपत आले आहेत, नाही तर प्राणी मारावे लागतील. १९६१ पासून चाललेलं पार्क, आणि तीस प्राण्यांच्या म्हातारपणासाठी राखलेला पैसा नाही! नकार देणारं सरकार चुकलं नाही. चुकलं ते २०१९ मध्ये, कायदा करताना पार्क अजून चालू होतं, तिकिटं विकली जात होती, तेव्हा निधीची अट न घातल्यामुळे.

भारताने २०१३ मध्ये डॉल्फिनेरियमना परवानगी नाकारली, तेव्हा हा धंदा इथे रुजलेला नव्हता. प्राणी कुठे न्यायचे हा प्रश्नच आला नाही. तो निर्णय चांगलाच होता, पण सोपाही होता. अवघड निर्णय त्यांचे आहेत जिथे आज शेकडो डॉल्फिन हौदांत आहेत. मेक्सिकोने २०२५ मध्ये शो आणि प्रजनन यांवर बंदी आणली आहे. तिथल्या डॉल्फिनचं पुढच्या पाच वर्षांत काय होतं, यावरून बाकीचे देश धडा घेतील, म्हणून त्यांच्या हिशेबावर आतापासून लक्ष ठेवायला हवं.

बॉटलनोज डॉल्फिनची मादी पन्नासच्या पुढेही जगू शकते. या वर्षी एखाद्या हौदात जन्मलेलं मादी पिल्लू २०७५ मध्ये जिवंत असण्याची शक्यता आहे. त्या पिल्लाची छायाचित्रं लावून तिकिटं आज विकली जातील. त्यातला किती पैसा २०७५ साठी वेगळा ठेवला, हे परवाना देणाऱ्या प्रत्येक खात्याने पार्कला आत्ताच लेखी विचारायला हवं, आणि उत्तर येईपर्यंत पुढचं प्रजनन रोखायला हवं.